झिल्बरमानच्या सुरात २६ नळ्या : फ्रायबर्गमधल्या छोट्या ऑर्गनच्या कामाच्या नोंदी

७ ऑक्टोबर : काय करायचं ते

मधल्या सप्तकाच्या सी पासून वरच्या सी पर्यंत १३ स्वर. प्रत्येक स्वराला एक बंद लाकडी नळी, खाली ओकची वायुपेटी, शेजारी हाताने भरायचा भाता. सूर लावायचा तो अठराव्या शतकातले जर्मन ऑर्गनकार गॉटफ्रीड झिल्बरमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीने. नोंदी अशासाठी की हेच काम दुसऱ्या कोणी करायला घेतलं तर आमच्या चुका तरी त्याने परत करू नयेत.

दोन खुलासे आधीच. नाट्यसंगीतातला आपला 'ऑर्गन' म्हणजे पायपेटी, तिच्यात पितळी रीड थरथरतात. इथे रीड नाही. प्रत्येक नळी बासरीसारखी ओठावर, म्हणजे नळीच्या तोंडाच्या धारेवर, हवा आपटून वाजते आणि एकच स्वर देते. दुसरं, स्वरांची नावं पेटीवाल्यांच्या पद्धतीने लिहिली आहेत: पांढरी १ म्हणजे सी, पांढरी ६ म्हणजे ए, काळी २ म्हणजे ई फ्लॅट, काळी ४ म्हणजे जी शार्प. पुढे हे सारखं लागणार आहे.

झिल्बरमान यांचा जन्म १४ जानेवारी १६८३ चा, इथून जवळच फ्राउएनश्टाइनलगतच्या क्लाइनबोब्रिच गावातला. वडील सुतार. थोरला भाऊ आंद्रेआस श्ट्रासबुर्गला ऑर्गन बांधायचा, त्याच्याकडे शिकून ते १७१० मध्ये सॅक्सनीत परतले आणि पुढच्याच वर्षापासून फ्रायबर्गमध्ये कारखाना थाटला. इथल्या डोममधला, म्हणजे मुख्य चर्चमधला, १७१४ चा मोठा ऑर्गन (तीन कीबोर्ड, पेडल, ४४ स्टॉप म्हणजे वेगवेगळ्या आवाजाचे नळ्यांचे संच) त्यांचाच. याकोबी चर्चमधला १७१७ चा, पेट्री चर्चमधला १७३५ चा, आणि मूळ योहानिस चर्चसाठी केलेला, आता डोममध्येच असलेला १७१९ चा छोटा ऑर्गनही त्यांचा. एवढ्याशा गावात चार. आयुष्यभरात सुमारे ५० बांधले, त्यांतले तीसएक आजही आहेत.

१४ ऑक्टोबर : मापाची काठी

सगळ्यात आधी २० मि.मी. जाडीची एक सरळ काठी घेतली आणि तेराही नळ्यांची आतली रुंदी व खोली तिच्यावर चाकूने कोरली. पेन्सिलीची रेघ अर्ध्या मिलिमीटरची होते. चाकूची तशी होत नाही.

आतली मापं, रुंदी × खोली:
पांढरी १ : ३२ × ४० मि.मी.
पांढरी ३ : २६.९ × ३३.६
पांढरी ५ : २३.६ × २९.५
वरची पांढरी १ : १९ × २३.८

दर स्वराला आधीच्या मापाला ०.९५७६ ने गुणायचं, म्हणजे सोळा स्वर चढल्यावर माप बरोबर निम्मं होतं. हे गणित झिल्बरमान यांचं नाही, एकोणिसाव्या शतकातले ऑर्गनशास्त्री ट्योप्फर यांचं आहे. सुरुवात करणाऱ्याला ते सोपं पडतं म्हणून घेतलं. झिल्बरमान यांच्याकडून घ्यायची ती दुसरी गोष्ट: मापं एकदा ठरवायची आणि मग त्यांना हात लावायचा नाही. त्यांनी ऑर्गनचे मोजकेच नमुने ठरवले होते आणि चर्चच्या ऐपतीनुसार त्यांतलाच एक ते देत. राइनहार्ड्सग्रिम्माचा १७३१ चा २० स्टॉपचा आणि ग्रोसहार्टमान्सडॉर्फचा १७४१ चा २१ स्टॉपचा यांच्या याद्या शेजारी ठेवल्या की दहा वर्षांत माणसाने काय बदललं ते शोधावं लागतं. दर वेळी नवीन प्रयोग करणाऱ्याला एवढी कामं वेळेत उरकता आली नसती. आम्ही सात आठवड्यांतच माप बदललं. त्याचं फळ पुढे येईलच.

२१ ऑक्टोबर : लाकूड

नळ्यांना स्प्रूस, वायुपेटीला ओक. झिल्बरमान यांच्याकडेही वायुपेट्या ओकच्याच. दर्शनी नळ्या मात्र भरपूर कथील असलेल्या धातूच्या, आणि करारात 'इंग्लिश कथील' असं लिहिलेलं असायचं. धातूच्या वाटेला आम्ही गेलो नाही. ओतकामाचं शिसं घरात नको.

स्प्रूसच्या फळ्या ५८ युरो, ओक ४१. फळ्या दुकानातून आणल्या त्याच दिवशी रंधून ८ मि.मी. केल्या. ही चूक. दुकानाच्या थंड गोदामातलं लाकूड घरातल्या हीटरच्या हवेत आलं की पाणी सोडतं. आठ दिवसांत चौदापैकी पाच फळ्या बशीसारख्या वाकल्या. फळ्या आधी खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, किमान तीन आठवडे रचून ठेवायच्या आणि मगच रंधा लावायचा. पाच फळ्या आणि सहा तास गेले.

११ नोव्हेंबर : पहिली नळी

पांढरी १. गणित असं: ए हा स्वर ४१५ धरला की या पद्धतीत खालचा सी २४७.६ हर्ट्झ येतो. बंद नळीत लाटेचा चौथा भाग मावतो. २० अंशांना हवेतला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे ३४६ मि.मी. प्रत्यक्षात ओठाजवळची हवाही हलत असते, त्यामुळे नळी त्याहून आखूड लागते. आमचा दट्ट्या (नळीचं वरचं टोक बंद करणारा, वर-खाली सरकणारा) ओठापासून २९८ मि.मी. वर सुरात बसला. नळी ३८० ची कापली होती म्हणून निभावलं. आखूड कापली की परत वाढवता येत नाही, लांब असेल तर दट्ट्या खाली सारता येतो.

ए ४१५ का? डोमच्या मोठ्या ऑर्गनचा ए जवळपास ४७६ आहे, म्हणजे आजच्या पेटीच्या काळी ५ आणि पांढरी ७ यांच्या मधे कुठेतरी. चर्चचे ऑर्गन त्या काळी असेच चढ्या पट्टीत असत. ड्रेस्डेनच्या राजदरबारी चर्चचा, त्यांचा शेवटचा ऑर्गन मात्र वाद्यवृंदाच्या खालच्या पट्टीत, ४१५ च्या आसपास. ४१५ म्हणजे आजच्या पेटीची काळी ४ म्हटलं तरी चालेल. फोनवरच्या कुठल्याही ट्यूनरवर पडताळता येतं, म्हणून आम्ही तेच धरलं.

चार फळ्या सरसाने जोडल्या. सरस पातळ आणि गरम हवा, आणि फळी चिकटवायच्या आधी तिची धार हीटरवर जरा कोमट करून घ्यायची. थंड लाकडावर सरस लागायच्या आतच थिजतो आणि सांधा वरून चांगला दिसत असला तरी आतून पोकळ राहतो. पहिल्या नळीचा एक सांधा असाच निघाला. फुंकल्यावर नळी वाजते पण सूर फुसफुसत राहतो. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे दिसले.

१८ नोव्हेंबर : भाता

पाचरीसारखा उघडणारा, एकच घडी असलेला भाता. त्या काळच्या ऑर्गनचे भाते याच घडणीचे, फक्त माणूस वर उभा राहून दाबेल इतके मोठे. आमचं झाकण ५० × ४० सें.मी. कोपऱ्यांना आणि बिजागरीला मेंढीचं पातळ चामडं, ३६ युरो.

दाब ६० मि.मी. पाण्याचा हवा होता. हिशेब तोंडी होतो: ६० मि.मी. पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ६० किलो. झाकणाचं क्षेत्रफळ ०.२ चौ.मी., म्हणजे १२ किलो. झाकण अडीच किलोचं, म्हणून त्यावर साडेनऊ किलोच्या विटा ठेवल्या.

मापक म्हणजे पारदर्शक नळी यू आकारात वाकवून अर्धी पाण्याने भरलेली, ४ युरो. पाणी दोन्ही बाजूंना मिळून १०५ मि.मी. सरकलं. नळी लावली तर मूळ सूर सोडून थेट वरच्या सप्तकातला पंचम किंचाळायला लागली. बंद नळीला दाब जास्त झाला की ती सप्तक ओलांडून बाराव्या स्वरावर उडी मारते. तासभर आम्ही नळीलाच दोष देत होतो. चूक विटांची होती: त्या झाकणाच्या उघडणाऱ्या टोकाला ठेवल्या होत्या. पाचरीच्या भात्यात वजनाचा जोर बिजागरीपासूनच्या अंतरावर ठरतो, टोकावरची वीट मधल्या विटेच्या दुप्पट दाब देते. विटा मधोमध सरकवल्या, मापक ६१ वर आला. सूर लगेच खाली बसला.

२ डिसेंबर : ओठ कापणं

सगळ्यात जास्त लाकूड इथे वाया गेलं.

बंद नळीच्या तोंडाची उंची रुंदीच्या साधारण एकतृतीयांश असावी. ३२ रुंदीला साडेदहा मि.मी. सुरुवात मात्र रुंदीच्या एकपंचमांशापासून करायची, नळी भात्यावर ठेवून ऐकायचं, पटाशीने पाव मिलिमीटर काढायचं, परत ऐकायचं. तोंड बुटकं असेल तर सूर चिरका आणि वर उडणारा. वाढवत गेलं की गोल होतो. आणखी वाढवलं की मऊ पडून शेवटी फक्त वारा. वाढवता येतं, कमी करता येत नाही.

पांढरी ५ ला रुंदी २३.६, म्हणजे तोंड ८ च्या आत. पहिल्या चार नळ्या चांगल्या झाल्यामुळे हात सैल सुटला आणि एकदम ११ कापलं. आवाज उरला तो फुंकर मारल्यासारखा. वरचा ओठ पूर्ण उचकटून नवीन लाकूड बसवलं, साडेतीन तास.

याच दिवशी कोणीतरी सुचवलं की वरच्या नळ्या जरा रुंद केल्या तर आवाज भरेल. म्हणून पांढरी ६ पासून वर रुंदी दीड मि.मी. ने वाढवली. काठी सोडली ती इथे.

९ डिसेंबर : सुस्त नळ्या

तेरापैकी चार नळ्या वारा दिल्यावर अर्ध्या सेकंदाने बोलत होत्या. कारण बहुतेक वेळा एकच: खालच्या फटीतून येणारी हवेची पट्टी ओठाच्या धारेवर नीट येत नाही, फार बाहेर किंवा फार आत जाते. ओळखायची खूण अशी: नळी सुस्त असताना तिच्या तोंडावर बाहेरून हलकी फुंकर मारा. लगेच बोलली तर पट्टी बाहेर जात होती, तुमच्या फुंकरीने ती आत ढकलली.

उपाय म्हणजे नळीच्या तोंडाखालचं पुढचं झाकण अर्धा मि.मी. वर-खाली करून पाहणं. म्हणून सूर बसेपर्यंत झाकण सरसाने कधीच चिकटवू नये. दोन स्क्रू, आणि झाकणातली भोकं उभी लांबट. आमची सहा झाकणं चिकटवून झाली होती. गरम पाण्याचा बोळा ठेवून ती सोडवावी लागली. सरस असल्यामुळे सुटली तरी. पांढऱ्या बाटलीतला नेहमीचा गोंद वापरला असता तर नळ्याच फोडाव्या लागल्या असत्या.

फट ०.७ मि.मी. ठेवली. मोजायला गाडीच्या स्पार्क प्लगची फीलर पट्टी उत्तम.

१६ डिसेंबर : पेटी आणि चोर वारा

वायुपेटी म्हणजे खाली वाऱ्याची खोली, वर १३ लांब खण, प्रत्येक खणाच्या तोंडाशी चामडं लावलेली झडप. पट्टी दाबली की तार झडप खाली ओढते, खणात वारा भरतो, वरची नळी बोलते. पट्ट्या, तारा, स्प्रिंगा सरळ काम आहे, २७ युरो. फक्त स्प्रिंगांचा ताण तेराही ठिकाणी सारखा ठेवा.

भाता लावला, पांढरी २ दाबली आणि शेजारची काळी २ घशात कण्हायला लागली. खणांमधल्या भिंतीतून वारा झिरपत होता. हा या प्रकारच्या पेटीचा जुना रोग आहे, मोठमोठ्या ऑर्गनमध्येही होतो. औषधही जुनंच: पेटी उलटी करून प्रत्येक खणात पातळ गरम सरस ओतायचा, पेटी चारी बाजूंना कलवून सगळ्या कोपऱ्यांत फिरवायचा आणि उरलेला ओतून टाकायचा. दोनदा केलं. सुकायला तीन दिवस लागले. सरस पहिल्यापासूनच ओतायचा असतो, रोग दिसल्यावर नाही. सरसाचा खर्च १२ युरो, आणि पुढे आठवडाभर घरात गुरांच्या गोठ्यासारखा वास.

पहिल्या टप्प्याचा खर्च: स्प्रूस ५८, ओक ४१, चामडं ३६, स्प्रिंगा-तारा-स्क्रू २७, सरस १२, मापक ४. एकूण १७८ युरो.

६ जानेवारी : सूर लावला, पण लांडगा ओरडेना

आता मूळ मुद्दा. आजच्या पेटीत बाराही पंचम किंचित, सारखेच कमी असतात. एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट धरले तर दोन सेंटनी. त्यामुळे कुठलीही पट्टी घ्या, चालते. किंमत मोजतो तो गंधार: शुद्धपेक्षा जवळपास १४ सेंट चढा. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला पेटीचा गंधार टोचतो तो याचमुळे.

झिल्बरमान पद्धतीत काळी २ पासून पंचमांची साखळी धरतात: काळी २, काळी ५, पांढरी ४, १, ५, २, ६, ३, ७, मग काळी ३, काळी १, काळी ४. यातला प्रत्येक पंचम ३.९ सेंटनी कमी. त्यामुळे गंधार शुद्धपेक्षा फक्त ६ सेंट चढा राहतो आणि पांढऱ्या पट्ट्यांवर ऑर्गन मधासारखा वाटतो. पण साखळी मिटत नाही. काळी ४ ते काळी २ हा उरलेला पंचम जवळपास २० सेंट जास्त येतो. जर्मनीत त्याला लांडगा म्हणतात, कारण तो सूर न वाटता ओरडणं वाटतो.

आमच्या फ्रिक्वेन्सी, हर्ट्झमध्ये:
पांढरी १ : २४७.६०
काळी १ : २६०.२६
पांढरी २ : २७७.२९
काळी २ : २९५.४४
पांढरी ३ : ३१०.५५
पांढरी ४ : ३३०.८८
काळी ३ : ३४७.७९
पांढरी ५ : ३७०.५६
काळी ४ : ३८९.५०
पांढरी ६ : ४१५
काळी ५ : ४४२.१७
पांढरी ७ : ४६४.७७
वरची पांढरी १ : ४९५.२०

ट्यूनर बघून दट्टे बसवले. मग कानाने तपासायला काळी २ आणि काळी ४ एकत्र दाबल्या. लांडगा आलाच नाही. जरा बेसूर, एवढंच. पांढरी १ आणि ५ मधली लाटही (दोन सूर जरा चुकले की आवाज कमी-जास्त होत राहतो ती) ऐकू येईना. दोन दिवस ट्यूनरवर, भात्यावर, कानांवर संशय घेण्यात गेले.

कारण नळीतच होतं. दोन सुरांमधली लाट ऐकू येते ती त्यांच्या वरच्या उपस्वरांमुळे. सा-पमध्ये खालच्या स्वराचा तिसरा उपस्वर आणि वरच्याचा दुसरा एकमेकांशी घासतात. चौथ्या स्वराच्या (सा-म) अंतरात, म्हणजे आमच्या काळी २–काळी ४ मध्ये, खालच्याचा चौथा आणि वरच्याचा तिसरा. बंद नळीत दुसरा, चौथा, सहावा हे सम उपस्वर जवळजवळ नसतातच. घासायला जोडीदारच नाही. पुस्तकात हे सगळे वाचतात, आम्हीही वाचलं होतं, आणि तरी बंद नळ्याच केल्या, कारण त्यांना लाकूड निम्मं लागतं.

विषम उपस्वरांनी काही तपासता येतं. पांढरी १ आणि पांढरी ६ मध्ये खालच्याचा पाचवा आणि वरच्याचा तिसरा भेटतात: सेकंदाला ७ लाटा. काळी १ आणि काळी ५ मध्ये २५, ती खरखर बंद नळ्यांवरही स्पष्ट आली. पण सात लाटा मोजून सूर लावणं माणसाच्या कानाचं काम नाही.

ऑर्गनवाले म्हणूनच मूळ सूर शक्यतो उघड्या नळ्यांच्या ऑक्टावा ४ फुटी (सगळ्यात लांब नळी चार फुटांच्या आसपास) स्टॉपवर लावतात आणि मग बाकीचे स्टॉप त्याला मिळवतात. ही रीत आम्हाला केवळ सवय वाटली होती.

१३ जानेवारी ते १० फेब्रुवारी : दुसरी रांग

आणखी १३ नळ्या, उघड्या. स्प्रूस ६२ युरो, या वेळी तीन आठवडे खोलीत ठेवून. पांढरी १ ला आत २८ × ३५ मि.मी., गणिताने लांबी ६९२, ओठाची आणि वरच्या उघड्या तोंडाची वजावट धरून सुमारे ६२०. कापली ६६०. तोंड रुंदीच्या एकचतुर्थांश, ७ मि.मी. सूर बारीक करायला वरच्या टोकाला मागे खाच कापून तिच्यावर पातळ पत्रा: पत्रा वाकवून खाच उघडली की सूर चढतो, झाकली की उतरतो.

पेटी मात्र एकाच रांगेची केली होती. वरची फळी काढून नवीन केली (प्लाय १९ युरो) आणि दोन रांगा वेगवेगळ्या चालू-बंद करायला ओकच्या दोन सरकपट्ट्या बसवल्या. सरकपट्टीतली भोकं आणि फळीतली भोकं एकाच वेळी पाडायची, सगळा थर क्लॅम्पने आवळून. आम्ही वेगवेगळी पाडली आणि तीन ठिकाणी भोकं अर्धीच जुळली. तिथल्या नळ्यांना वारा कमी, सूर खाली. भोकं कानशीने मोठी केली. दिसायला वाईट आहे, चालतं.

हीटरच्या कोरड्या हवेत सरकपट्ट्या आक्रसून सैल झाल्या, आणि बंद ठेवलेल्या रांगेच्याही नळ्या कुजबुजायला लागल्या. फळीखाली कागदाचे तुकडे घालून भागवलं. उन्हाळ्यात हवेत दमटपणा आला की याच पट्ट्या अडकणार, तेव्हा कागद काढायचे.

१७ फेब्रुवारी : परत सूर

सुरुवात पांढरी ६ पासून, ४१५. मग लाटा मोजत. आमच्या पट्टीत सेकंदाला:
पांढरी ६ – खालची २ : १.९ (पंचम, कमी)
पांढरी २ – ५ : २.५ (चौथा, जास्त)
पांढरी ५ – १ : १.७
पांढरी १ – ४ : २.२ (चौथा, जास्त)
पांढरी ६ – ३ : २.८ (चौथा, जास्त)
पांढरी ३ – ७ : २.१

इथवर आलं की पांढरी १ आणि ३ एकत्र वाजवून बघा. सेकंदाला चारएक लाटा आल्या तर बरोबर. याच पट्टीत आजच्या पेटीसारखा सूर लावला असता तर जवळजवळ दहा आल्या असत्या. हा फरक ऐकायला ट्यूनर लागत नाही.

चूक: काळी २ आम्ही काळी ४ वरून लावली. दोन्ही काळ्या, चौथा छान बसला, वाटलं झालं. प्रत्यक्षात काळी २ ही ई फ्लॅटऐवजी डी शार्प झाली, २३ सेंट खाली, आणि लांडगा तिथून उठून काळी २ आणि काळी ५ च्या मधे जाऊन बसला. ई फ्लॅटची पट्टी संपली. काळी २ नेहमी काळी ५ वरून लावायची, काळी ४ काळी १ वरून. त्या दोघींची एकमेकींशी गाठ घालायचीच नाही.

दुरुस्त केल्यावर काळी २ आणि काळी ४ दाबल्या. सेकंदाला तेरा लाटा, भिंतीवरची फ्रेम थरथरली. काळी ४ आणि वरची पांढरी १ हा गंधार ३३ लाटांचा, तो सूर राहतच नाही, खडखडाट होतो.

याच खडखडाटावर १७४८ मध्ये ऑर्गनवादक आणि संगीतशास्त्री गेओर्ग आंद्रेआस झोर्गे यांनी कडक टीका केली होती. पलीकडे झिल्बरमान यांचेच जुने शिष्य त्साखारियास हिल्डेब्रांट यांनी नाउमबुर्गचा ५३ स्टॉपचा ऑर्गन १७४६ मध्ये पुरा केला, त्याची परीक्षा संगीतकार बाख आणि झिल्बरमान दोघांनी मिळून घेतली, आणि त्याचा सूर संगीतशास्त्री नाइडहार्ट यांच्या पद्धतीचा होता. त्यात सगळ्या पट्ट्यांत फिरता येतं, असं तिथले ऑर्गनवादक आणि बाख यांचे जावई आल्टनिकोल यांनी लिहून ठेवलं आहे. आमच्या मते टीका वाजवणाऱ्याच्या बाजूने बरोबर आहे. पण गावच्या चर्चमध्ये दोन-तीन शार्प-फ्लॅटच्या आत गाणाऱ्यांना झिल्बरमानचा गंधार मिळत होता, त्यांना लांडग्याच्या दारात जायचं कारणच नव्हतं.

२४ फेब्रुवारी : दोन रांगा एकत्र

बंद नळी शेजारच्या उघड्या नळीला मिळवताना लाट हळू होत जाते आणि एकदम नाहीशी होते. सूर लागला असं वाटतं, पण लागलेला नसतो. शेजारच्या दोन नळ्या फार जवळ आल्या की एकमेकींना ओढून धरतात. एकेकटी वाजवली की फरक ट्यूनरवर दिसतो. उपाय: दट्ट्या लाट थांबते त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना नेऊन बघायचा आणि मधोमध सोडायचा.

हाताने नळी धरू नये, तळहाताची ऊब सूर चढवते. रात्री हीटर बंद झाला आणि खोली १९ वरून १४ अंशांवर आली तेव्हा ए ४११.४ झाला, सगळ्या नळ्या मिळून १५ सेंट खाली. एकमेकींशी मात्र सुरातच. थंड खोलीत सूर 'दुरुस्त' करू नका.

९ मार्च : काठीचं येणं

पांढरी ६ पासून वरच्या बंद नळ्या, ज्यांची रुंदी २ डिसेंबरला वाढवली होती, त्या बाकीच्यांशी जुळतच नाहीत. सूर लागतो, आवाजाची जात वेगळी पडते. पांढरी ५ वरून ६ वर जाताना गायक बदलल्यासारखं वाटतं. तोंड कमी-जास्त करून, पायाचं भोक लहान करून पाहिलं. नाही जमलं. चारही नळ्या काठीच्या मापाने नव्याने केल्या, उरलेल्या स्प्रूसमधून. १९ तास.

नमुना ऐकायचा असेल तर फ्राउएनश्टाइनच्या संग्रहालयात जा. ब्रेमेनच्या कॅथेड्रलमधल्या झिल्बरमान यांच्या छोट्या ऑर्गनची वाजती प्रत तिथे आहे. खालपासून वरपर्यंत एकच गळा ऐकू येतो. आम्ही हे काम संपताना ऐकलं. सुरुवातीला ऐकायला हवं होतं.

२३ मार्च : आजची स्थिती

खर्च १७८ अधिक ६२ अधिक १९, म्हणजे २५९ युरो. वेळ १६४ तास, त्यातले ४१ निव्वळ चुका निस्तरण्यात. २६ पैकी २५ नळ्या पट्टी दाबताच बोलतात. काळी ५ ची उघडी नळी अजून सुस्त आहे. झाकण वर-खाली करून झालं, फट बदलून झाली. आता तिचा खालचा ठोकळा काढून धार परत घासायची आहे. भात्याच्या बिजागरीचं चामडं एका कोपऱ्यात सुटतंय, तिथे दुसरा थर लावायचा. सरकपट्ट्यांखालचे कागद जूनमध्ये काढायचे.